दुकानात यादी नको, क्लिपा घेऊन जा

पत्र : आमचा बार्शीत वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग मी आणि चुलतभाऊ करतो. माझ्याकडे सोनीचा ए-सेव्हन थ्री कॅमेरा, त्याच्याकडे वडिलांचा खांद्यावरचा पॅनासोनिक. शिवाय घरच्यांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा असतातच. मिक्सिंगला, म्हणजे शूटिंग कापून-जोडून व्हिडिओ करायला, कार्डं सोलापूरला जातात. सीझनला दोन-दोन महिने व्हिडिओ येत नाही आणि बोलणी आम्ही खातो. आता घरीच मिक्सिंग करायचं ठरवलंय. हाताशी लाखभर रुपये आहेत, ओढूनताणून सव्वा लाख. दुकानदार म्हणतो आय-नाइन प्रोसेसर आणि मोठं ग्राफिक कार्ड घ्या, सॉफ्टवेअर मी टाकून देतो. मित्र म्हणतो मॅक घे. एक जण जुना आय-सेव्हनचा कॉम्प्युटर वीस हजारांत द्यायला तयार आहे. सोलापूरचे मिक्सिंगवाले दादा म्हणतात सॉफ्टवेअर ईडीयसच घे, यूट्यूबवर सगळे प्रीमियर नाहीतर दा विंची म्हणतात. वडील म्हणतात, कशाला हा खटाटोप. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर :

नमस्कार,

सल्ला द्यायला तुमच्याभोवती माणसं भरपूर आहेत. पण तुमच्या कार्डावर नेमक्या कसल्या फाइली उतरतात, हे त्यांतल्या एकानेही विचारलेलं दिसत नाही. मशीन कोणतं घ्यायचं ते त्या फाइली ठरवतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दल बोलू. थोडं लांबेल, पण पैसे वाचतील ते इथेच.

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सहा एमबीच्या पुढे जाते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर झाले १५५ एमबी. एवढा माल कार्डावर उतरवायचा म्हटलं तर ६४ जीबीचं कार्ड सात मिनिटांत भरेल. म्हणून कॅमेरा तो दाबून लिहितो. तुमचा सोनी फुल एचडी ५० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटने लिहितो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा एमबी. जवळपास पंचवीस पट दाबलेला माल आहे हा.

दाबायची रीत किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी असते. पानाच्या वर मागील बाकी पूर्ण लिहिलेली, खाली फक्त रोजची देणी-घेणी. आज बाकी किती हे सांगायचं तर वरून बेरीज-वजाबाकी करत खाली यावं लागतं. कॅमेराही दर थोड्या वेळाने एक फ्रेम पूर्ण लिहितो, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच नोंदवतो. सिनेमा बघताना हे सोपं जातं, कारण आपण सरळ पुढेच जात असतो. मिक्सिंगला बसलात की मात्र तुम्ही मंगलाष्टकांतून अक्षतांवर उडी मारता, तिथून तीन सेकंद मागे येता, दोन कॅमेरे एकाखाली एक लावून दोन्ही एकदम चालवता. प्रत्येक उडीला मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं पुन्हा मांडावं लागतं. टीव्हीवर फोर-के सिनेमा लोण्यासारखा चालवणारा कॉम्प्युटर टाइमलाइनवर (क्लिपा क्रमाने मांडायच्या पट्टीवर) लग्न टाकलं की हँग होतो, त्याचं कारण हे.

यातून सुटायच्या वाटा दोन. पहिली, दाबलेला माल उलगडायला प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक कार्डात खास वेगळा भाग असणं. दुसरी, आधीच फाइली उलगडून कामापुरत्या हलक्या प्रती करून घेणं, ज्यांना प्रॉक्सी म्हणतात. दोन्ही वाटा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये असा भाग २०११ पासून येतो. त्याचं नाव क्विक सिंक. तो प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सचा भाग असतो, आणि गोम इथेच आहे. ज्या प्रोसेसरच्या आकड्यामागे इंग्रजी 'एफ' असतो त्यात अंगचे ग्राफिक्स बंद असतात, म्हणजे क्विक सिंकही नाही. आय-फाइव्ह १२४०० आणि १२४००एफ यांत दुकानदार हजार-दोन हजारांचा फरक सांगेल, 'तसंही कार्ड लावणारच आहोत' म्हणेल, आणि गेम खेळणाऱ्यासाठी ते खरंही आहे. तुम्ही 'एफ' घेऊ नका. ग्राफिक कार्ड लावल्यावरही बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, अंगचे ग्राफिक्स चालू ठेवायला सांगा, कारण बरेच मदरबोर्ड कार्ड दिसताच ते आपोआप बंद करतात.

आता तो वीस हजारांचा आय-सेव्हन. विचारा, कितव्या पिढीचा? या भावात बहुतेक चौथ्या पिढीचा निघतो, म्हणजे २०१३-१४ चा माल. आय-सेव्हन हे नाव आजच्या आय-थ्रीपेक्षा मोठं वाटतं, पण चौथ्या पिढीत एच.२६५ ही व्हिडिओ दाबायची नवी पद्धत उलगडायची सोयच नाही. ती सहाव्या पिढीत आली, आणि १०-बिट (रंगाच्या जास्त छटा नोंदवणाऱ्या) फाइलींसाठी सातवीत. हल्लीचे आयफोन आणि बरेच अँड्रॉइड मोबाइल एच.२६५ मध्येच रेकॉर्डिंग करतात, त्यामुळे नवरीच्या मामाने पाठवलेली एक क्लिप टाकली की हा आय-सेव्हन घामाघूम होणार. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. ते मशीन घ्यायचंच असेल तर स्टुडिओच्या काउंटरवर पासपोर्ट फोटो छापायला घ्या.

आय-नाइनचंही तेच, उलट बाजूने. तेरा-चौदाव्या पिढीच्या मोठ्या इंटेल प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष निघाला होता. मशीन अधूनमधून बंद पडायची आणि प्रोसेसर कायमचे खराब व्हायचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायॉस टाकून घेतला तर आज घाबरायचं कारण नाही. पण फुल एचडीचं लग्न कापायला आय-नाइन लागत नाही. बारावी ते चौदावी पिढी, आय-फाइव्ह, मागे 'एफ' नको, एवढं पुरे. उरलेले पैसे डिस्कवर घाला.

ग्राफिक कार्डाचा प्रश्न सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, म्हणून आधी सॉफ्टवेअर.

ईडीयस मूळ जपानच्या कॅनोपस कंपनीचं. पुढे ते ग्रास व्हॅलीकडे गेलं. लग्नाच्या धंद्यात ते उगीच रुजलेलं नाही. निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या फाइली एकाच टाइमलाइनवर फार कुरकुर न करता घेतं, क्विक सिंक चांगलं वापरतं आणि कार्डावर फारसा भार टाकत नाही. दादांकडे तयार प्रोजेक्टही भरपूर असतील: गुलाबाच्या पाकळ्या, सोनेरी चौकटी, उडणारी हृदयं. तुमच्या गिऱ्हाइकाला ते हवं असतं की नको, हे तुम्हाला जास्त माहीत. ईडीयस फक्त विंडोजवर चालतं, हे लक्षात असू द्या.

प्रीमियर उत्तम आहे, पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या अडोबी विकत नाही, फक्त भाड्याने देते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचं कॅलेंडर जवळपास रिकामं असतं, भाडं मात्र त्या महिन्यांतही जातं. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हप्त्याने घेऊन मध्येच सोडला तर दंड भरावा लागतो, तो वेगळाच. हंगामी धंद्याला हा हिशेब जुळत नाही.

दा विंची रिझॉल्व्ह ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनचं. त्याची मोफत आवृत्ती खरोखर मोफत आहे, व्हिडिओवर शिक्का येत नाही, फोर-के यूएचडीपर्यंत एक्स्पोर्ट करता येतं. शिक्का दिसतो तो फक्त स्टुडिओ आवृत्तीचे खास इफेक्ट वापरले तर. ती स्टुडिओ आवृत्ती अमेरिकेत २९५ डॉलरला एकदाच घ्यायची असते आणि आजवर तिच्या नव्या आवृत्त्यांना वेगळे पैसे लागलेले नाहीत. अंधाऱ्या मंडपातले रवाळ दाणे घालवायची सोय स्टुडिओतच आहे. विंडोजवर एच.२६४ (एच.२६५ च्या आधीची पद्धत) आणि एच.२६५ उलगडायला हार्डवेअरची पुरेपूर मदत हवी असेल तरी स्टुडिओच घ्यावी लागते.

माझं मत विचाराल तर दा विंचीच्या मोफत आवृत्तीवर शिका आणि पहिल्या सीझनच्या कमाईतून स्टुडिओ घ्या. रंगाचं कामही त्यात इतरांपेक्षा उजवं होतं. हळदीच्या दिवशी पिवळ्या कापडाखाली पिवळे पडलेले चेहरे माणसासारखे करायला तुम्हाला रंगाचंच काम सर्वांत जास्त लागणार आहे. दा विंचीचा भार ग्राफिक कार्डावर पडतो, म्हणून आठ जीबीचं मधल्या भावाचं एनव्हिडियाचं कार्ड घ्या. दुकानदाराचं 'मोठं' कार्ड त्याच्याकडेच राहू द्या. ईडीयस घेणार असाल तर सुरुवातीला कार्ड नसलं तरी चालेल.

आणि ते 'टाकून देतो'. दुकानदार टाकून देतो ते चोरीचं. नैतिक बाजू तुम्ही जाणता, मी धंद्याची बाजू सांगतो. क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि अशा फाइलींबरोबर काय येतं याचा भरवसा नसतो. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस घुसला तर त्या दिवशी तुमच्या डिस्कवर कोणाकोणाची लग्नं असतील याचा विचार करा. तितकंच चांगलं मोफत सॉफ्टवेअर असताना ही जोखीम कशासाठी घ्यायची?

मॅकबद्दल तुमचा मित्र चुकीचं सांगत नाही. फक्त मॅकबुक नको, मॅक मिनी बघा. एम-फोरचा मिनी २०२४ मध्ये आपल्याकडे ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी डिस्क घेऊन. एच.२६४, एच.२६५ आणि एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारी नोंद), सगळं उलगडायचा भाग त्यात आहे. वीज इतकी कमी खातो की घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालेल, आणि ही गोष्ट बार्शीत लहान नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, ईडीयस चालत नाही, आणि विंडोजवाल्यांच्या एनटीएफएस डिस्कवर मॅक स्वतःहून लिहीत नाही, म्हणजे सोलापूरशी देवाणघेवाण करताना दर वेळी आठवण ठेवून डिस्क दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करायच्या. सीझनमध्ये एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जळला तर असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या मशीनला तुम्ही संध्याकाळपर्यंत दुसरा लावाल. मिनी कंपनीच्या सेवा केंद्रात जाईल. तुम्हाला मी असेंबल्डच सुचवतो. पुण्यात बसून जाहिराती कापणाऱ्याला मिनी सुचवला असता.

रॅम ३२ जीबी, एकाच मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या. आज १६ वर भागवायची वेळ आली तर बोर्डावर दोन जागा रिकाम्या राहतील असं बघा.

आता डिस्क, जिच्याबद्दल तुम्हाला कोणीच काही सांगितलेलं नाही. ५० एमबीपीएस म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. तुमचा कॅमेरा चार तास चालला तर ९० जीबी. पॅनासोनिक २४ एमबीपीएसने सहा तास चालला तर साधारण ६५. मोबाइल, कधी ड्रोन, सगळं धरून एका लग्नाला १७० जीबी कुठे जात नाहीत. सीझनला तीस लग्नं केली तर पाच टीबी झाले. म्हणून विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क), चालू लग्नांना दुसरी एक टीबीची एसएसडी, आणि संपलेल्या कामांना मोठ्या हार्ड डिस्क, त्याही जोडीने. एका डिस्कवर ठेवलेलं लग्न मी ठेवलेलं धरत नाही. जोडीतली एक डिस्क स्टुडिओत आणि दुसरी घरी ठेवा, म्हणजे चोरी झाली, आग लागली, पावसाचं पाणी शिरलं तरी एक उरेल. दोन जागी उतरल्याची खात्री होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, भले दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असो. त्यासाठी दोन कार्डं जास्त घ्या.

पॅनासोनिकचं कार्ड उतरवताना एक पथ्य पाळा. तो कॅमेरा एव्हीसीएचडी लिहितो, ही सोनी आणि पॅनासोनिकनेच २००६ मध्ये आणलेली पद्धत. त्यात लांब रेकॉर्डिंग चार जीबीला तुटून पुढच्या फाइलीत जातं. लोक आतल्या एमटीएस फाइली तेवढ्या उचलून घेतात आणि 'प्रायव्हेट' नावाचं फोल्डर टाकून देतात. तुकडे कुठे कसे जोडायचे याची नोंद त्या फोल्डरात असते. ती गेली की जोडावर काही फ्रेम आणि आवाज उडतो, आणि तो जोड नेमका 'शुभमंगल' आणि 'सावधान' यांच्या मध्ये येतो. कार्डावरचं सगळं जसंच्या तसं, लग्नाच्या नावाच्या फोल्डरात उतरवून घ्या.

त्या कॅमेऱ्याचं सेटिंग १०८०-आय असेल तर तो सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम लिहितो, एकदा सम ओळी, एकदा विषम. अशी क्लिप तुमच्या सोनीच्या २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर तशीच टाकली तर नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील. सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपांना डीइंटरलेस लावा, म्हणजे अर्ध्या फ्रेमच्या पूर्ण होतील. सोनी 'पाल'वर (आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या पद्धतीवर) आहे ना, तेही मेनूत बघून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश ठेवलं की मंडपातल्या ट्यूब आणि साधे एलईडी लुकलुकत नाहीत. मोबाइल मात्र ३० फ्रेम धरतो, तोही ढोबळ. उजेड कमी झाला की मध्येच फ्रेम कमी करतो. त्याने लांब क्लिपेत ओठ आणि आवाज हळूहळू फाटतात. अशा क्लिपा हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ठरीव फ्रेमदराने काढून मगच टाइमलाइनवर घ्या. आयफोनची क्लिप एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला धरणारी) असेल तर तिचे रंग विचित्र उजळ दिसतील. घरच्यांना आधीच सांगून फोनमधली ती सोय बंद करून घ्या.

मॉनिटर स्टुडिओत अल्बमसाठी वापरता तोच चालेल, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा) असला म्हणजे झालं. यूपीएसवर कंजुषी नको. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो; कार्डासकट मशीन आणि मॉनिटर रेंडरला (तयार व्हिडिओ काढायला) लागले की तो काठावर येतो. हजार व्हीएचा घ्या. वीज गेल्यावर काम वाचवून मशीन नीट बंद करायला मिळतील तेवढी मिनिटं बास.

दुकानात जायच्या आधी एका पेन ड्राइव्हवर सोनीची एक, पॅनासोनिकची एक आणि मोबाइलची एक अशा तीन क्लिपा घ्या, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांच्या. तयार मशीन समोर चालू असेल तिथे त्या आतल्या एसएसडीवर उतरवा. पेन ड्राइव्हवरून चालवू नका, नाहीतर तुम्ही पेन ड्राइव्हचीच परीक्षा घ्याल. दा विंचीची मोफत आवृत्ती टाकून तिन्ही एकाखाली एक लावा, आकार लहान करून तिन्ही एकदम दिसतील असं करा, थोडा रंग फिरवा आणि प्ले दाबा. मग टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे 'व्हिडिओ डीकोड' नावाचा आलेख असतो. क्लिपा चालताना तो वर चढला तर उलगडायचं काम खास भाग करतोय. तो शून्यावर पडून राहिला आणि सीपीयू शंभराला टेकला, तर प्रोसेसर ते सगळं स्वतः ओढतोय. मोफत आवृत्तीत विंडोजवर असं दिसू शकतं, म्हणून लगेच मशीनला दोष देऊ नका. ईडीयसची चाचणी आवृत्ती टाकून तेच पुन्हा बघा. दोन्हीकडे अडखळलं तर मशीन सोडा. दुकानदार कंटाळेल. कंटाळू दे, लाख रुपये तुमचे आहेत.

तिथेच दुसरी परीक्षाही घ्या: मराठी अक्षरांची. टायटलमध्ये 'लक्ष्मी', 'ज्ञानेश्वर', 'दुसऱ्या', 'चि. सौ. कां.' लिहून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये, आणि एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या टायटल प्रकारांतही, जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलत्या अक्षराला लागते. प्रीमियरमध्ये अक्षरांच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई पर्याय निवडावा लागतो. तुमच्याकडे पत्रिकेसाठी श्रीलिपी असेलच, पण तिचे जुने फाँट युनिकोड (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीचे) नाहीत, त्यामुळे मोबाइलवरून चिकटवलेलं नाव त्यात भलतंच दिसेल. मुक्ता किंवा बालूसारखे मोफत युनिकोड फाँट घ्या. तरीही तुटलंच तर नावाची पाटी फोटोशॉपमध्ये पारदर्शक पीएनजी करून टाका, कोणाला कळत नाही. 'ज्ञानेश्वर'चा 'ज्ञ' फुटलेला मात्र मांडवातल्या प्रत्येकाला दिसतो.

आणि प्रॉक्सी. मशीन चांगलं असलं तरी सवय करा. दा विंचीत क्लिपा निवडून प्रॉक्सी करायला लावा आणि जेवायला जा. ताटावरून उठेपर्यंत हलक्या प्रती तयार असतील, कात्री त्यांच्यावर चालेल, आणि एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइली घेईल. उद्या कॅमेरा बदलून ए-सेव्हन फोर घेतलात तर हीच सवय हात देईल, कारण तो १०-बिट ४:२:२ लिहू शकतो आणि ते उलगडणं सगळ्या मशीनना जमत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांना ते आरटीएक्स ५० मालिकेपासून जमायला लागलं. इंटेलच्या नव्या पिढ्यांना एच.२६५ मधलं जमतं. नाहीतर कॅमेऱ्याच्या मेनूत ८-बिट ४:२:० आहेच. लग्नाला ते पुरतं.

दा विंचीतली एक खोच मात्र पाठ करा. त्याचं प्रोजेक्ट तुमच्या लग्नाच्या फोल्डरात नसतं, त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतं, बहुधा सी ड्राइव्हवर. 'विंडोज नवीन टाकून द्या' म्हणून मशीन दुकानात दिलं की फाइली शाबूत राहतात आणि महिन्याची कापाकापी जाते. रोज उठताना प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून त्या लग्नाच्या फोल्डरात ठेवा. फाइल काही एमबींची असते.

गिऱ्हाइकाला द्यायची फाइल एच.२६४, ८-बिट, १०८०, २५ फ्रेम, १२ एमबीपीएसच्या आसपास ठेवा. ती जवळपास कुठल्याही टीव्हीवर लागते. दोन तासांचं लग्न अकरा जीबीला थोडं कमी भरेल. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. एक्सफॅट करून द्या, आणि त्यांचा टीव्ही जुना असेल तर हळद, लग्न, रिसेप्शन असे चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे करा. तुकड्यांचा फायदा असा की आजीला हवा तो भाग लगेच लावता येतो.

वडिलांच्या 'कशाला खटाटोप'वर. त्यांना नको म्हणण्याचा हक्क आहे, कारण मिक्सिंग घरी आणलं की दोन महिन्यांच्या उशिराची बोलणी सोलापूरवर ढकलता येणार नाहीत. म्हणून मशीन आषाढात घ्या, ऐन मार्गशीर्षात नको. मागच्या सीझनची एखाद-दोन लग्नं, ज्यांचे व्हिडिओ देऊन झालेत, ती पुन्हा स्वतः कापून बघा आणि सोलापूरहून आलेल्या व्हिडिओशेजारी लावून बघा. येत्या सीझनला अर्धी कामं घरी करा आणि अर्धी दादांकडेच पाठवत राहा. चार दिवस त्यांच्याशेजारी बसू देतात का तेही विचारा. पाच तासांच्या शूटिंगमधून पाऊण तासाचं लग्न कसं काढायचं हे त्यांच्या हातात आहे, ते दुकानात विकत मिळत नाही. दादांनी बसू दिलं तर वडिलांनाही एक दिवस बरोबर न्या.